एका गोळीत दोन औषधं

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी ४४ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. मागच्या वर्षी वडील अचानक गेले. त्यानंतर रात्री दोन-तीन वाजता छातीत धडधडून जाग यायला लागली. हातपाय गार पडायचे, आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल निघालं. आमच्या एम.डी. डॉक्टरांनी रात्री एक गोळी लिहून दिली, आणि फारच घाबरल्यासारखं झालं तर घ्यायला एक छोटी गोळी, अल्प्राझोलाम ०.२५. महिन्याने दाखवायला या म्हणाले होते. बरं वाटलं म्हणून गेले नाही. आज आठ महिने झाले, गोळी चालूच आहे. मेडिकलवाले ओळखीचे आहेत, चिठ्ठी मागत नाहीत. छोटी गोळी आठवड्यातून दोन-तीनदा लागते.

दिवाळीत माहेरी गेले तेव्हा वहिनी म्हणाली, "अगं, ह्या गोळ्यांची सवय लागते, जन्मभर सुटत नाहीत." मी तिथल्या तिथे बंद केल्या. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, झोप उडाली, मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. चौथ्या रात्री रडत रडत पुन्हा गोळी घेतली.

मला व्यसन लागलंय का? एक दिवसाआड घेऊन सोडता येईल का? सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, बीपीची गोळी घेतात. झोप आली नाही की माझ्यातली अर्धी घेतात, चालेल ना? उपवासाला गोळी घेतली तर चालते का? सोबत अश्वगंधा सुरू करू का? आणि मे महिन्यात भावाकडे दुबईला जायचं आहे, गोळ्या नेता येतील का? स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवत आहे.

उत्तर

ताई, नमस्कार.

फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. पण आधी आज रात्रीचं सांगतो. गोळी आज बंद करू नका, अर्धीही करू नका. डॉक्टरांची भेट होईपर्यंत रोज त्याच वेळेला, आत्ता घेता तेवढीच घ्या. आणि ही भेट याच आठवड्यात ठरवा, कारण आहे ते असंच पुढे चालू ठेवण्यातही धोका आहे.

मी डॉक्टर नाही. बी.फार्म. करून आयुष्य मेडिकलच्या काउंटरमागे गेलेला माणूस आहे. त्यामुळे औषधाचा स्वभाव काय, ते कशाबरोबर जमत नाही, एवढं मी सांगेन. तुमचा डोस किती आणि कधी कमी करायचा हे तुम्हाला समोर बसवून तपासणाऱ्यानेच ठरवायचं.

आता तो फोटो. पुढच्या बाजूला कंपनीचं ठसठशीत नाव आणि त्यापुढे 'प्लस' असं आहे. मागे बारीक अक्षरात दोन ओळी आहेत: एसिटालोप्राम १० मिलीग्रॅम, क्लोनाझेपाम ०.५ मिलीग्रॅम. म्हणजे तुम्ही रोज रात्री एक गोळी गिळता, पण औषधं दोन घेता. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास लिहिली जाते. सुरुवातीच्या काही आठवड्यांसाठी तिच्यामागे कारणही असतं. घोटाळा होतो तो ती महिनोन्महिने चालू राहिली की, कारण आत बसलेल्या दोन औषधांचे नियम अगदी उलटे आहेत.

एसिटालोप्राम हे चिंता आणि उदासीवरचं औषध, ते सावकाश चढतं. पहिले दोन ते चार आठवडे फरक जाणवतच नाही, पूर्ण गुण यायला सहा-आठ आठवडे लागू शकतात. उलट पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, पातळ शौचाला होणं, आणि गंमत म्हणजे थोडी जास्तच बेचैनी, असं होऊ शकतं. अनेक जण नेमके त्याच आठवड्यात "मला सूट होत नाही" म्हणून औषध टाकून देतात. काही जणांची शरीरसंबंधातली इच्छा कमी होते किंवा त्यात अडचण येते. हे लाजेखातर कुणी बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद करतं. डॉक्टरांना सांगितलं तर त्यावर उपाय असतात. हे औषध रोज घ्यायचं असतं, आणि बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायचं असतं, नाहीतर त्रास परतण्याची शक्यता वाढते. तुमचे आठ महिने या औषधाच्या हिशेबात मुळीच जास्त नाहीत.

क्लोनाझेपामचं सगळं उलट. ते पहिल्याच रात्री काम करतं. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, मज्जापेशींची धावपळ शांत करणं हे त्याचं काम. क्लोनाझेपाम त्या गाबाचा जोर वाढवतं, म्हणून धडधड थांबते, झोप लागते. पण रोज बाहेरून मदत मिळायला लागली की मेंदू स्वतःची बाजू सैल सोडतो. म्हणून या गटातली औषधं, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, आणि स्वभावाने तसंच असलेलं एटिझोलाम, शक्यतो दोन ते चार आठवड्यांपुरतीच वापरावीत असा सर्वसाधारण संकेत आहे. एसिटालोप्राम अंगी लागेपर्यंतचे अवघड दिवस निभावून नेणं, एवढ्यासाठीच क्लोनाझेपाम तुम्हाला दिलं असावं. डॉक्टरांनी महिन्याने बोलावलं होतं ते बहुधा हे दुसरं औषध काढून घेण्यासाठीच.

०.५ हा आकडाही फसवा आहे. काउंटरवर लोक "पॉइंट फाइव्हच आहे हो" असं म्हणतात, जणू काही घेतच नाहीत. औषधाची ताकद मिलीग्रॅमच्या आकड्यावरून कळत नाही. ०.५ मिलीग्रॅम क्लोनाझेपाम हे ढोबळमानाने ५ ते १० मिलीग्रॅम डायझेपामच्या तोडीचं आहे.

आता दिवाळीचे ते चार दिवस बघा. क्लोनाझेपाम शरीरातून हळू उतरतं, निम्मं व्हायलाच त्याला ३० ते ४० तास लागतात. म्हणून पहिले दोन दिवस काही झालं नाही आणि तुम्हाला वाटलं, सुटली. तिसऱ्या दिवशी हात थरथरले, झोप उडाली, ते क्लोनाझेपाम एकदम बंद केल्यामुळे. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं ही एसिटालोप्राम अचानक थांबवल्याची अगदी ओळखीची खूण आहे. दोन्ही एकाच गोळीत असल्यामुळे दोघांचा हिशेब तुम्हाला एकदम चुकवावा लागला. मूळ आजार उफाळून आला असं त्या रात्री वाटलं असेल, पण निदान त्या चार दिवसांतलं बरंचसं औषध तोडल्याचंच होतं. थरथरण्यावर निभावलं हे नशीब. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम बरेच महिने घेऊन एकदम बंद केलं तर काहींना फिट येऊ शकते. डोस जितका मोठा आणि जितके दिवस जास्त, तितका हा धोका जास्त.

व्यसनाचं विचारलंत. तुम्ही गोळी वाढवत नेली नाही, चार दुकानं फिरून जमवली नाही, लपवून घेत नाही, मजा वाटते म्हणून घेत नाही. शरीराला औषधाची सवय झाली आहे, एवढंच तुमच्या पत्रावरून दिसतं. असं या औषधावर बरेच दिवस राहिलेल्या कुणालाही होऊ शकतं, त्यात तुमच्या मनोधैर्याचा काही संबंध नाही. वहिनींचं निम्मं बरोबर आहे. सवय लागते हे क्लोनाझेपामबद्दल खरं. जन्मभर सुटत नाही हे साफ खोटं, हळूहळू उतरवलं की सुटतं. एसिटालोप्रामला मात्र त्या अर्थाने सवयीचं औषध म्हणत नाहीत, फक्त तेही एकदम तोडायचं नसतं.

एक दिवसाआड घेऊन सोडण्याची कल्पना जवळजवळ प्रत्येकाला सुचते. नका करू. त्याने रक्तातलं औषध एक दिवस खाली, एक दिवस वर असं होत राहतं आणि दिवाळीतला त्रास हप्त्याहप्त्याने मिळतो. ही जोडगोळी अर्धी करून घेणंही तसंच निरुपयोगी, कारण जे अजून पूर्ण डोसमध्ये हवं आहे तेही तुम्ही निम्मं करून टाकता. सर्वसाधारणपणे डॉक्टर आधी दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांमध्ये लिहून देतात. एसिटालोप्राम आहे तेवढंच राहतं, आणि क्लोनाझेपाम थोडं थोडं खाली आणलं जातं. ते ०.२५ च्या गोळीतही मिळतं, तिचे तुकडेही करता येतात. आज जे मार्गदर्शन रूढ आहे त्यात दर दोन ते चार आठवड्यांनी सुमारे ५ ते १० टक्के उतरवावं, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त तर नकोच, असं सांगतात. म्हणजे हे काम काही महिन्यांचं आहे. मध्ये एखाद्या टप्प्यावर त्रास झाला तर तिथेच थांबायचं, सावरायचं, मग पुढे. घाई कुणालाही नाही, शाळेचं वर्ष संपायच्या आत गोळी सुटलीच पाहिजे असा नेमही धरू नका.

आता त्या छोट्या गोळीकडे येतो, कारण तिच्याबद्दल तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात आणि मी तिथे अडखळलो. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम सख्खी भावंडं आहेत. ज्या दिवशी तुम्ही छोटी गोळी घेता, त्या दिवशी एकाच प्रकारच्या औषधाचा ढोबळमानाने दीडपट डोस पोटात जातो. तो वेगळा म्हणून तुम्ही मोजतच नाही. शिवाय अल्प्राझोलाम लवकर चढतं आणि लवकर उतरतं, उतरताना पुन्हा जरा घाबरल्यासारखं होतं, आणि हात पुन्हा पर्सकडे जातो. भेटीआधीच्या दिवसांत एक करा: वहीत तारीख, वेळ, कशामुळे घ्यावीशी वाटली, आणि घेतल्यावर किती वेळाने बरं वाटलं, एवढं लिहा. घाबरल्याची लाट बऱ्याचदा दहा मिनिटांत शिगेला पोचते आणि मग आपोआप ओसरायला लागते. गोळी पोटात जाऊन काम सुरू करेपर्यंत लाट निम्मी उतरलेली असते आणि श्रेय गोळीला मिळतं. हे लिहिलेलं डॉक्टरांच्या फार उपयोगी पडेल. आणि ज्या दिवशी छोटी गोळी घ्याल त्या दिवशी स्कूटी नको. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी शाळेच्या वेळेपर्यंत राहत असेल तर तेही सांगा.

सासूबाईंचं मात्र तातडीने थांबवा. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ७१ व्या वर्षी क्लोनाझेपाम शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. रात्री लघवीला उठल्या, पाय लटपटला, बाथरूमच्या उंबऱ्यापाशी पडल्या की खुब्याचं हाड जातं, आणि त्या वयात त्यातून उठणं किती अवघड असतं ते तुम्ही आजूबाजूला पाहिलं असेल. दिवसा विसराळूपणा, गोंधळल्यासारखं होणं हेही त्यातूनच येतं, आणि घरचे म्हणतात वयोमानाने होतंय. झोपेसाठी म्हणून त्या जी अर्धी घेतात तिच्यात अर्धं एसिटालोप्रामही आहे, ज्याचा झोपेशी काही संबंध नाही, काहींची तर त्याने झोप मोडते. आणखी एक पाहा. त्यांच्या बीपीच्या गोळीच्या नावापुढे इंग्रजी 'एच' आहे का, किंवा मागे हायड्रोक्लोरोथायझाइड वा क्लोरथॅलिडोन असं लिहिलंय का? ही लघवी वाढवणारी औषधं. त्यांच्या जोडीला एसिटालोप्राम गेलं तर म्हाताऱ्या माणसांच्या रक्तातलं सोडियम खाली येण्याची भीती असते. ग्लानी, बरळणं, तोल जाणं, अशी ती लक्षणं. घरोघरी "आजी कालपासून काहीतरीच बोलतायत" म्हणून धावाधाव होते, त्यामागे कधीकधी एवढंच असतं.

फक्त एक खात्री करून घ्या. त्या खरंच कधीकधी घेतात, की तुम्हाला न सांगता रोज? स्ट्रिप मोजा. रोज घेत असतील तर त्यांचीही एकदम बंद करू नका, त्यांच्या डॉक्टरांना सांगून उतरवा. आणि झोप का येत नाही ते आधी बघा. लघवीची गोळी संध्याकाळी घेत असतील, दुपारी दोन तास झोपत असतील, पाच वाजता चहा होत असेल, तर गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलणं आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणं यानेच बराच फरक पडतो. तुमची स्ट्रिप मात्र कपाटात, कुलपात. घरात परीक्षेचं वर्ष असलेलं कुणी असेल तर आणखीनच. "पेपरच्या आधी पाव देऊ का" असं विचारणारे पालक दुकानात येतात. उत्तर नाही असंच आहे. अभ्यासलेलं आठवायच्या वेळी आठवणीवर पडदा टाकणारं औषध कशाला द्यायचं? एसिटालोप्रामच्या गटातली औषधं तर २५ वर्षांच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढवू शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायची असतात.

बाकीच्या औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खडू-फळ्यापुढे उभं राहणाऱ्या माणसाच्या टाचा आणि कंबर दुखतेच, म्हणून सांगतो. कंबरदुखीला पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकत्र असलेली गोळी बरीच चालते. ती तुम्हाला नको. एसिटालोप्रामबरोबर ट्रामाडॉल गेलं तर फिटचा धोका वाढतो, आणि शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन फार वाढून ताप, घाम, थरकाप, जुलाब, प्रचंड बेचैनी असा गंभीर प्रकार होऊ शकतो. क्लोनाझेपामबरोबर ते गेलं तर गुंगी वाढून श्वास मंदावतो. खोकल्याच्या बाटलीवर कोडीन किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिसलं तर तीही परत ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांच्या जोडीने एसिटालोप्राम घेतलं तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते, म्हणून साध्या दुखण्याला नुसतं पॅरासिटामॉल बरं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांनी मुळातच पेंग येते, वर क्लोनाझेपाम, मग वर्गात डुलक्या. जंतुसंसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन कुणी लिहिलं तर आधी ही स्ट्रिप दाखवा, त्याने अल्प्राझोलाम रक्तात साठतं. थोडक्यात, दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी ही गोळी चालू आहे हे सांगायचं.

दारूचं बायकांना कुणी विचारत नाही, मी सगळ्यांना विचारतो. या गटातल्या गोळीवर दारूचा एक पेगसुद्धा नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, झोपेतून माणूस उठत नाही. तुम्हाला लागू नसेल तर सोडून द्या, वाचणाऱ्यांपैकी अनेकांना लागू आहे.

उपवासाला गोळी चालते. एसिटालोप्राम जेवणाआधी वा नंतर, कसंही घेता येतं. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर साबुदाण्याचे दोन घास खाऊन घ्या. निर्जळी असेल तरी गोळी आणि घोटभर पाणी चुकवू नका, देवाला त्याचा राग यायचं काही कारण नाही. एखाद्या रात्री विसरलात तर दुसऱ्या रात्री दोन घेऊ नका, नेहमीच्या वेळेला नेहमीची एकच. अश्वगंधेने काहींना गुंगी येते, म्हणजे क्लोनाझेपामच्या जोडीला तिसरं आलं. थायरॉइडवरही तिचा परिणाम होऊ शकतो. आता जेव्हा काय कशामुळे होतंय हे समजून घ्यायचं आहे, तेव्हा भांड्यात आणखी एक जिन्नस नको. वैद्यांकडे जायचंच असेल तर त्यांनाही ही स्ट्रिप दाखवा. चहा-कॉफी मात्र जरूर मोजा. शिक्षकांच्या खोलीतला प्रत्येक तासानंतरचा चहा धडधडीला हातभार लावतो.

आता माझ्या धंद्याबद्दल. अल्प्राझोलाम हे शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे चिठ्ठीवर आणि नोंद ठेवूनच विकायच्या सरकारी यादीतलं औषध आहे. हा नियम २०१४ च्या मार्चपासून लागू आहे. त्यासाठी दुकानदाराने वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं हे लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. स्ट्रिपवरची लाल चौकट त्याचसाठी असते. क्लोनाझेपामही चिठ्ठीशिवाय देता येत नाही. तुमचे मेडिकलवाले ओळखीपोटी देतात, त्यांना वाईट म्हणायचा हेतू नाही, पण त्यांनी एकदा "ताई, चिठ्ठी जुनी झाली, दाखवून या" म्हटलं असतं तर हे पत्र सात महिन्यांपूर्वी टळलं असतं. यापुढे प्रत्येक वेळी पक्कं बिल घ्या आणि दुकानातच स्ट्रिप उलटी करून नाव आणि आकडा बघा. एकाच नावाची ०.२५, ०.५ आणि १ ची गोळी सारख्याच दिसणाऱ्या वेष्टनात येते. "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणाले तर मागच्या बाजूच्या दोन ओळी जुळवून पाहा. आणि डोस उतरवण्याच्या काळात एकाच दुकानातून, शक्यतो एकाच कंपनीची घ्या.

डॉक्टरांकडे परत जायची लाज वाटत असणार. "आठ महिने कुठे होतात" असं विचारतील. विचारू देत, एक मिनिटाचा प्रश्न आहे. मूळ एम.डी. डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल, मात्र एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं असं माझं मत आहे. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी असते, फारसा खर्च येत नाही. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, सासूबाईंच्यासुद्धा. ती वही न्या. दिवाळीच्या चार दिवसांचं जे मला लिहिलंत ते तसंच्या तसं त्यांना सांगा. आणि तिथे बसल्या बसल्या हे विचारून घ्या: दोन औषधं वेगळी करून देता येतील का, छोटी गोळी ठेवायची की नाही, पुढची भेट कधी, आणि मध्ये त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. समुपदेशनाचंही विचारा. घाबरण्याच्या लाटांवर विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती औषधाच्या तोडीची ठरते, आणि गोळी उतरवताना तर तिचा मोठा आधार होतो. वडिलांच्या जाण्याबद्दल तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिलंत. तिथे कदाचित दोन वाक्यं जास्त बोलता येतील.

रात्री-अपरात्री फार घाबरल्यासारखं झालं आणि बोलायला कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात. फिट आली, माणूस हलवून उठेना, बरळायला लागलं, किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर मात्र फोनवर वेळ घालवायचा नाही. १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची किंवा सरळ हॉस्पिटल गाठायचं.

राहिलं दुबई. तिथे या बाबतीत कायदा कडक आहे. क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलाम दोन्ही तिथे नियंत्रित औषधं आहेत, सोबत नेण्यासाठी तिथल्या सरकारची आगाऊ परवानगी ऑनलाइन अर्ज करून घ्यावी लागते. अर्जाला डॉक्टरांची ताजी चिठ्ठी लागते, म्हणून जुन्या कागदावर काही करू नका. मेपर्यंत तुमचा डोस बदललेलाही असेल, चिठ्ठीवर जो असेल तोच अर्जात यायला हवा. औषध आणि त्याची ताकद मूळ नावाने लिहिलेलं डॉक्टरांचं एक पत्रही घ्या, कारण आपल्याकडचं कंपनीचं नाव तिथे कुणाला कळणार नाही. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्या, प्लास्टिकच्या डबीत सुट्या भरू नका, बिल सोबत ठेवा आणि लागतील तेवढ्याच घ्या. सगळं हातातल्या बॅगेत, परवानगीची प्रिंट पासपोर्टसोबत. तिथे राहणाऱ्या कुणासाठी शेजारणीने "एवढ्या चार गोळ्या ने" म्हणून काही दिलं, तर ते मात्र अजिबात घेऊ नका.